थर्मल कॅमेऱ्याने गाडीचे ब्रेक आणि टायर कसे तपासायचे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझी गाडी सरळ रस्त्यावरही किंचित डावीकडे ओढायची. दोनदा व्हील अलाइनमेंट झालं, टायरची अदलाबदल झाली, पुढचे ब्रेक पॅडही बदलून झाले. गॅरेजवाले दर वेळी म्हणत, "आता चालवून बघा." आठवडाभरात पुन्हा तेच. शेवटी एका मित्राकडून फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा आणला आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर, ब्रेक जवळपास न वापरता गाडी थांबवून, चारही चाकांचे फोटो घेतले. पुढच्या उजव्या डिस्कवर ५१ अंश होते, डाव्या डिस्कवर ९४. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती आणि एक पॅड कायम डिस्कला घासत होता. पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावलं आणि गाडीचं ओढणं थांबलं.

त्यानंतर मी ही तपासणी नियमित करू लागलो. सुरुवातीला बऱ्याच चुका केल्या, चुकीचे निष्कर्ष काढले. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हा कॅमेरा तुम्हाला फरक दाखवायला आहे, अचूक तापमान मोजायला नाही. "डिस्क ९४ अंश आहे" या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. "डावी डिस्क उजवीपेक्षा ४३ अंशांनी जास्त गरम आहे" याला आहे.

१. जवळ काय काय हवं

- थर्मल कॅमेरा. फोनला जोडायचा चालेल. रिझोल्यूशन किमान १६०×१२० असावं, २५६×१९२ असेल तर काम बरंच सोपं होतं. ८०×६० मध्ये डिस्क आणि रिम एकमेकांत मिसळून दिसतात.
- कॅमेऱ्याची वरची मर्यादा तपासून घ्या. काही स्वस्त मॉडेल १२० अंशांपर्यंतच मोजतात. टायरला ते पुरतं, ब्रेकला नाही. ब्रेकसाठी ४०० अंशांपर्यंत जाणारा घ्या.
- हवा मोजायचं चांगलं गेज.
- वही किंवा फोनमधली नोंद. प्रत्येक फोटो कोणत्या चाकाचा हे लगेच लिहिलं नाही, तर दहा मिनिटांनी सगळी चाकं सारखीच दिसतात.
- चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे, जाड हातमोजे.
- पुढे शहानिशा करायची असेल तर जॅक आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका.

पिस्तुलासारखं दिसणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तरी सुरुवात करता येते. मात्र ते एका वर्तुळाची सरासरी देतं. १२:१ गुणोत्तराचं यंत्र ६० सेंटीमीटरवरून धरलं, तर ५ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ मोजतं. रिमच्या फटीतून डिस्क बघताना त्या वर्तुळात रिमही येते आणि आकडा फसवतो.

२. कॅमेऱ्याला काय दिसतं, काय दिसत नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचाच. माझ्या बहुतेक चुका इथल्याच होत्या.

कॅमेरा वस्तूतून बाहेर पडणारी अवरक्त किरणं टिपतो, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची. सारख्याच तापमानाच्या दोन वस्तू ही किरणं सारखीच सोडतील असं नाही. वस्तू किती चांगली किरणं सोडते त्या मापाला एमिसिव्हिटी म्हणतात. टायरच्या रबराची एमिसिव्हिटी ०.९५ च्या आसपास असते, म्हणून टायरचे आकडे बऱ्यापैकी विश्वासार्ह येतात. गंजलेलं बीड, म्हणजे डिस्कचं ओतीव लोखंडही चांगलं. पण पॅडने घासून चकचकीत झालेला डिस्कचा पृष्ठभाग ०.३ च्या घरात असू शकतो. अशी डिस्क खरोखर १५० अंशांवर असली आणि कॅमेरा ०.९५ वर ठेवलेला असला, तर पडद्यावर ८० च्या आसपास आकडा दिसू शकतो. म्हणजे चटका बसणारी वस्तू तुम्हाला कोमट वाटेल.

यावर उपाय म्हणजे चकचकीत भाग सोडून द्यायचा. डिस्कचा मधला टोपीसारखा भाग, जिथे पॅड लागत नाही आणि थोडा गंज असतो, तिथे मोजा. डिस्कची बाहेरची गंजलेली कड किंवा कॅलिपरचं खडबडीत अंगही चालतं. कायमची सोय हवी असेल तर चारही डिस्कच्या टोपीवर उष्णतारोधक काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि नेहमी तिथेच मोजा. पॅड घासतो त्या पट्ट्यावर रंगाचा थेंबही जाता कामा नये. काही जण काळी इलेक्ट्रिकल टेप लावायला सांगतात. इतर ठिकाणी ती युक्ती चांगली आहे, पण ब्रेकच्या उष्णतेने टेप वितळते.

दुसरी फसवणूक प्रतिबिंबांची. पॉलिश केलेली किंवा क्रोमची रिम अवरक्त किरणांसाठी आरसा असते. मला एकदा मागच्या रिमवर स्वच्छ गरम डाग दिसला आणि मी बेअरिंग गेलं असं समजून चाक उघडलं. बेअरिंग ठणठणीत होतं. तो डाग म्हणजे उकिडवं बसलेल्या माझ्याच गुडघ्यांचं प्रतिबिंब होतं. संशय आला की जागा बदलून पुन्हा बघा. डाग तुमच्याबरोबर सरकला तर तो प्रतिबिंब आहे.

प्लॅस्टिकचे व्हील कव्हर असतील तर निघण्यापूर्वीच काढून ठेवा. कॅमेरा त्यांच्या आरपार बघू शकत नाही. काचेतूनही बघू शकत नाही, म्हणून गाडीत बसून खिडकीतून काही टिपायला जाऊ नका.

३. कॅमेऱ्याची मांडणी

कॅमेरा सुरू करून पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. तो मधूनमधून टिक असा आवाज करतो, ते त्याचं स्वतःला जुळवून घेणं असतं. आवाज झाल्यावर चित्र स्थिर झालं की मगच फोटो घ्या.

एमिसिव्हिटी ०.९५ ठेवा आणि पूर्ण तपासणीत बदलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रंगांची पट्टी लॉक करा. बहुतेक कॅमेरे समोरच्या दृश्यातल्या सर्वांत गार जागेला निळा आणि सर्वांत गरम जागेला पांढरा किंवा लाल रंग आपोआप देतात. त्यामुळे ३२ आणि ३४ अंशांमधला फरकही आग लागल्यासारखा दिसतो. उलट एका फोटोतला लाल म्हणजे ४० अंश आणि दुसऱ्यातला लाल म्हणजे १४० अंश, असंही होतं. टायरसाठी पट्टी २० ते ८० अंश आणि ब्रेकसाठी २० ते २०० अंश अशी पक्की करून ठेवा. ॲपमध्ये ती सोय नसेल तर रंग विसरा आणि आकडेच लिहा.

४. गार गाडीचे फोटो

गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी ऊन लागण्यापूर्वी चारही चाकांचा एकेक फोटो घ्या. सगळं जवळपास सारखं दिसायला हवं. इथेच एखादी जागा वेगळी दिसली, तर तो पृष्ठभागाचा किंवा प्रतिबिंबाचा परिणाम आहे आणि पुढच्या फोटोंतही तो दिसणार, हे लक्षात राहील. याच वेळी चारही टायरची हवा मोजून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत तो दिलेला असतो.

५. पहिली फेरी: ब्रेक न वापरता

नवखी माणसं गाडी कशीही चालवून आणतात आणि फोटो घेतात. मग गरम चाक दिसलं तरी ते ब्रेक लावल्याने तापलं की ब्रेक लागूनच राहिल्याने, हे कळत नाही. म्हणून फेऱ्या दोन करायच्या.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर २० ते ३० मिनिटांची. टायर पूर्ण तापायला एवढा वेळ लागतोच. वेग कमी करायचा तो ॲक्सिलरेटर सोडून आणि खालचा गिअर टाकून. शेवटी सपाट, सावलीच्या जागी गाडी आपोआप मंदावू द्या आणि अगदी थांबतानाच ब्रेकला हलका स्पर्श करा. रहदारीत हे जमत नाही. ब्रेक वाचवण्याच्या नादात कोणाच्या अंगावर गाडी जाईल असं काही करू नका. गरज पडली तर ब्रेक दाबा आणि फेरी पुन्हा करा.

या फेरीनंतर ब्रेक कोमट असायला हवेत. जे चाक ठळकपणे गरम आहे, तिथे काहीतरी धरून ठेवतं आहे.

६. दुसरी फेरी: ब्रेक वापरून

ही फेरी उलट गोष्ट शोधण्यासाठी: कोणता ब्रेक कामच करत नाही. मागेपुढे कोणी नाही अशा सुरक्षित जागी ६० किलोमीटर वेगावरून व्यवस्थित, पण चाकं घसरणार नाहीत इतपत ब्रेक लावून २० पर्यंत या. असं सात-आठ वेळा करा.

यात किती उष्णता तयार होते याचा अंदाज असू द्या. १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा बहुतांशी ब्रेकमध्ये उतरते. तेवढ्यात जवळपास १.४ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. ६० च्या वेगावर हाच आकडा १६५ किलोज्यूलच्या आसपास येतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून चाचणीसाठी ६० पुरे. जास्त वेगाने काही जास्त कळत नाही, धोका मात्र वाढतो.

थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ब्रेकवर तो घट्ट लावून ठेवणं चांगलं नाही. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळे लावा.

७. फोटो कसे घ्यायचे

- थांबल्यापासून दोन मिनिटांत सगळे फोटो घ्या. टायरचा वरचा थर तर त्याहून लवकर निवतो, म्हणून आधी टायर, मग ब्रेक.
- प्रत्येक चाकापासून अंतर सारखं ठेवा, अर्धा ते एक मीटर. कोनही सारखा ठेवा.
- पुढच्या टायरचा रस्त्याला लागणारा भाग दिसावा म्हणून थांबतानाच स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा.
- गाडीभोवती फोटोंची एक फेरी घड्याळाच्या दिशेने झाली की लगेच उलट दिशेने दुसरी घ्या. पहिलं चाक नेहमी थोडं जास्त गरम आणि शेवटचं थोडं गार दिसतं, कारण मध्ये मिनिट-दीड मिनिट गेलेलं असतं. दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली की हा दोष बराच निघून जातो.

हात लावून खात्री करायचा मोह होतो. लावू नका. तापलेल्या ब्रेकवर पाणीही टाकू नका, डिस्कला तडा जाऊ शकतो.

८. ब्रेकचे फोटो वाचताना

तुलना नेहमी एकाच ॲक्सलवर करा: पुढचं डावं आणि पुढचं उजवं, मागचं डावं आणि मागचं उजवं. पुढे-मागे तुलना करून घाबरू नका. ब्रेक लावताना वजन पुढे येतं, बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून ते जास्त तापणारच.

माझा स्वतःचा हिशेब असा आहे. एका ॲक्सलवर १० अंशांपर्यंतचा फरक मी सोडून देतो. १५-२० अंश असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी करतो. ३० च्या वर असेल आणि दोनदा तसाच आला असेल, तर चाक उघडतो.

पहिल्या फेरीनंतर एकच चाक गरम असेल तर बहुधा कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम असतात, नाहीतर ब्रेकची रबरी नळी आतून सुजलेली असते. नळीचं लक्षण फसवं असतं. पाय दाबला की ऑइल पुढे जातं, पाय उचलला तरी लवकर मागे येत नाही. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. ओळखायची खूण सांगतो. ब्रेक निवल्यावर चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीडर (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकलेला होता, संशय नळीवर जातो. तरीही जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिना. हे काम माहीत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. त्यानंतर ब्लीडर घट्ट करून पॅडल तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

मागची दोन्ही चाकं गरम असतील तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटतो का बघा. एकच मागचं गरम असेल तर त्या बाजूची केबल अडकलेली असू शकते किंवा ड्रमचे लायनर जास्त आवळले गेले असतील. ड्रमच्या आतलं दिसत नाही, पण ड्रमच्या बाहेरच्या अंगावर ती उष्णता येते. चारही चाकं गरम असतील तर पॅडलला थोडी मोकळी चाल आहे का ते आणि मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) तपासायला सांगा.

उष्णता डिस्कवर नसून चाकाच्या अगदी मध्यभागी, हबवर जास्त असेल आणि वेगाबरोबर वाढणारा घुमणारा आवाज येत असेल, तर बेअरिंगकडे बघा. थोड्या वेळाने डिस्कची उष्णताही हबकडे पसरते, म्हणून हा फरक पहिल्या मिनिटातच दिसतो.

दुसऱ्या फेरीनंतर जोडीदारापेक्षा गार राहिलेलं चाक, याकडे लोक लक्षच देत नाहीत. माझ्या मते ते गरम चाकाइतकंच गंभीर आहे. त्या बाजूचा ब्रेक पूर्ण लागत नाही. पिस्टन पुढे येत नसेल, पॅडवर ऑइल गेलं असेल किंवा पॅड काचेसारखा गुळगुळीत झाला असेल. अचानक ब्रेक लावायची वेळ येईल तेव्हा गाडी एका बाजूला फेकली जाईल.

एखादं चाक बराच काळ तापत राहिलेलं असेल, तर दुरुस्तीबरोबर ब्रेक ऑइलही बदला. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल तळाला जातं.

इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांचं गणित वेगळं आहे. तिथे वेग कमी करण्याचं बरंच काम मोटर करते, म्हणून डिस्क गार दिसल्या तर तो दोष नाही. दुसऱ्या फेरीत मोटरचं ब्रेकिंग कमीत कमी करता येत असेल तर करा. आणि पहिली फेरी या गाड्यांवर चुकवू नका: ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून पिना गंजून अडकण्याची शक्यता वाढते.

९. टायरचे फोटो वाचताना

टायरच्या रुंदीचे मनात तीन पट्टे करा: आतला, मधला, बाहेरचा. तिन्हीचे आकडे लिहा.

दोन्ही कडा गरम आणि मधला पट्टा गार असेल तर हवा कमी आहे. बाजूची भिंतही जास्त तापलेली दिसेल, कारण ती प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते. मधला पट्टाच गरम असेल तर हवा जास्त. एकच कड गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलेला असू शकतो. त्या कडेवरून हळूच हात फिरवून झीज बघा, टायर निवल्यावर.

गरम टायरची हवा काढू नका. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो. प्रवासानंतर गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवतं ते यामुळे. तेव्हा हवा काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो.

उन्हाच्या बाजूचे दोन्ही टायर जास्त गरम येतात. एक्झॉस्टजवळचा टायरही येतो. म्हणून सावलीत थांबायचं.

आता ज्यासाठी मी हा कॅमेरा कायम गाडीत ठेवतो ती गोष्ट. टायरच्या घेरात एकाच ठिकाणी वेगळा गरम ठिपका दिसला, तर गाडी अर्धा फेरा पुढे घ्या आणि पुन्हा बघा. ठिपका चाकाबरोबर फिरून दुसरीकडे गेला तर तो टायरमध्येच आहे. आतले थर सुटत असण्याची दाट शक्यता आहे. तिथे फुगवटा आला असेल किंवा नसेल. तो टायर काढा, स्टेपनी लावा आणि त्याच्यावर पुन्हा वेगात जाऊ नका. ठिपका चाकाबरोबर न फिरता वरच्याच बाजूला राहिला, तर ती ब्रेकची वर चढणारी उष्णता किंवा एक्झॉस्टची धग असते.

कॅमेरा खिळा दाखवत नाही, टायरचं वय दाखवत नाही, नक्षी किती उरली तेही दाखवत नाही. गेज आणि डोळे यांचं काम तो करत नाही.

१०. मेकॅनिककडे जाताना

"डावा ब्रेक गरम होतो" एवढंच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी पॅड बदलून मिळतात. माझंही तेच झालं होतं. त्याऐवजी दोन्ही फेऱ्यांचे फोटो, आकडे आणि बाहेरचं तापमान दाखवा. "ब्रेक न लावता अर्धा तास चालवली, दोनदा तपासलं, पुढच्या डाव्या डिस्कच्या टोपीवर एवढा फरक आला" असं सांगा आणि पिना, पिस्टन, नळी तिन्ही बघायला सांगा. शक्य असेल तर चाक उघडताना तिथे थांबा. पिन हाताने सरकते की हातोडी लागते, हे बघितलं की कारण लगेच कळतं.

दुरुस्तीनंतर तीच फेरी, त्याच रस्त्यावर, तेवढाच वेळ करा आणि तेच फोटो पुन्हा घ्या. नवे पॅड असतील तर ते बसायला आधी थोडे दिवस जाऊ द्या. मग दर टायर बदलीच्या वेळी आणि लांबच्या प्रवासाआधी एकदा पहिली फेरी पुरेशी आहे. प्रत्येक वेळचे आठ आकडे, चार टायरचे आणि चार ब्रेकचे, तारखेसह एकाच पानावर लिहीत गेलात, तर हळूहळू तापत चाललेलं चाक ओढायला लागण्याच्या किती तरी आधी त्या पानावर दिसतं.